पट्टी

मार्चात सांगलीच्या यार्डात
हवासुद्धा तोळ्यावर विकावी इतकी पिवळी.
पोती आडवी होतात, राजापुरी हळकुंडं खडखडतात,
हमाल शिंकतात, आई अंबाबाई म्हणतात, पुन्हा शिंकतात,
आणि मी आडत्याच्या पेढीवर
नाव, गाव, वजन, भाव,
हमाली वजा, तोलाई वजा,
खाली राहील ते येणे,
अशा दिवसाला दीडशे पट्ट्या लिहिते.

चष्मा होता तेव्हा
तासातासाला ओढणीनं पुसायचे.
पुसला की काचेवर पिवळा फराटा.
नंबर उणे साडेसहा.
दिवाळीच्या बोनसातून लेन्स घेतल्या
तर पहिल्याच सकाळी बाळगोंडा पोतं टेकवत म्हणाला,
"ताई, चष्मा हरीवला काय?"
मी म्हटलं, हो.
डोळ्यातच घातलाय
हे कुणाकुणाला सांगत बसायचं.

मंगळवारी सौदे संपता संपता
उजव्या डोळ्यात काहीतरी खुपलं.
चोळला. नाही चोळायचा, माहीत होतं. चोळला.

रात्री आरशासमोर
डावी निघाली, डबीतल्या पाण्यात
शहाण्यासारखी बसली.
उजवी निघेना.
चिमटीत नुसता डोळा येत होता.
वर बघ, खाली बघ, नाकाकडे बघ,
पापणी उलटी कर, पुन्हा कर.
वैजयंतावहिनी मोबाइलचा टॉर्च धरून:
"मागं गेली असंल गं. मेंदूकडं."
मेंदूकडं जात नाही वहिनी, तिथं पडदा असतो,
मी म्हटलं खरं,
पण त्या पडद्याची ग्वाही
मला तरी कुणी दिली होती.

आई फोनवर म्हणाली, हळदीच्या पाण्याची घडी ठेव.
ठेच लागली, हळद. बोट कापलं, हळद.
कान टोचले तेव्हाही हळद, तेलातली.
हळदीनंच खुपलं तर काय लावायचं
हे तिच्या आईनं तिला सांगितलेलं नाही.

मग अंथरुणात
मिटल्या डोळ्याआड एक कण,
कण कसला, पन्नास किलोचं पोतं,
आणि मी त्याची पट्टी लिहितेय:
नजर वजा, नोकरी वजा,
येणे –
येण्यापाशी पेन थांबायचं.

सकाळी पहिल्या बसनं मिरज.
एका हातानं डोळा झाकलेला,
त्यामुळे विश्रामबाग अर्धाच आला,
आणि तिकिटाचे सुटे पैसे खाली सांडले.

डॉक्टर शिराळकरांनी कागदाची नारिंगी पट्टी
पापणीच्या आत टेकवली.
"रंग आहे. घाबरू नका."
गालावरून पिवळं पाणी उतरलं.
मला हसू आलं. म्हटलं, इथंही?
मग दिवा निळा झाला
आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"लेन्स डोळ्यात नाहीये."
म्हणजे मागे –
"मागे जायला वाटच नसते. पडली असेल कालच कुठेतरी.
हा ओरखडा आहे ना,
हा नखाचा."

नखाचा.
जे नव्हतंच
ते मी रात्रभर काढत होते.

थेंब लिहून दिले, दिवसातून चार वेळा.
आठवडाभर लेन्स बंद. नखं काप.
पट्टी बांधायची का, मी विचारलं.
"नको. लेन्सवाल्यांना पट्टी नाही बांधत.
उघडा राहू दे."

गुरुवारी जुना चष्मा लावून पेढीवर.
मंगळवारची स्थळप्रत उलटली
तर एकशे बाराव्या पट्टीवर,
कुण्या सदाशिव हेगडेंच्या गावाच्या नावावर
ती वाळून बसलेली,
माशाच्या खवल्यासारखी, कडेनं पिवळी.
खरवडून काढावी म्हणून बोट नेलं
तर नखं कापलेली.

राहू दे म्हटलं.
पान मिटलं.

"सापडला वाटतं चष्मा," बाळगोंडा म्हणाला.
हो.
"बरं झालं. लिवा, अठ्ठेचाळीस किलो सातशे."