आधी तुम्ही

टेकडी चढणाऱ्या दोरगाडीत
सासऱ्यांनी खिडकीची जागा व्हीटेकला दिली,
व्हीटेकने ती त्यांना परत दिली,
असं करता करता सफरचंदांची बाग संपली
आणि प्राग खाली राहिलं.

आरसेमहालाच्या तिकीटखिडकीतली बाई म्हणाली, "पाच जण?"
मी म्हटलं, पाच.
आत गेल्यावर आमचे पन्नास झाले.

रादिमला डोक्यामागचं टक्कल
पहिल्यांदाच दिसलं.
तो ते चाचपत राहिला,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.
आनेश्का, वय तेरा,
वर्षभर एकाही फोटोत आली नाही,
इथे जिकडे पाठ फिरवावी तिकडे
तीच उभी,
हाताची घडी घालून.

युक्ती व्हीटेकला सापडली.
"आई, तोंडाकडे नाही बघायचं. डाग बघायचे."
खरंच की. काचांवर त्याच्या उंचीला
चिकट बोटांचे ठसे,
कुणीतरी नाक टेकवून पाहिल्याची खूण,
वेफर खाल्लेल्या हाताचा अख्खा पंजा.
डाग असेल तिथे आरसा.
काहीच नसेल तिथे वाट.
मी त्याच्या मागून निघाले
माणसं मोजत.
सवयच आहे मला. दुकानात मोजते, ट्राममध्ये मोजते,
रात्री पाणी प्यायला उठले तरी.
एक, दोन, तीन, मी चौथी.

पाचवे मागे राहिले होते.
एका वळणावर उभे, हातात टोपी,
आणि त्यांच्या समोर
एक म्हातारे गृहस्थ, हातात टोपी.
सासरे डावीकडे सरकले. तेही सरकले.
उजवीकडे. तेही.
"माफ करा," सासरे म्हणाले, "आधी तुम्ही."
समोरच्याचेही ओठ हलले.
मग दोघेही थांबले,
दुसऱ्याने जावं म्हणून.

एकतीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस.
ट्रामला बाजूला सरता येत नाही,
ज्याला सरायचं त्यानं सरावं,
हे आम्हाला प्रत्येक नाताळला ऐकवणारा.

आनेश्का फिस्सकन हसली. रादिमही हसला.
मीही हसले, पण अर्ध्यावर थांबले,
कारण सासरे थट्टा करतात तेव्हा
आधी त्यांची डावी भुवई उडते,
आणि ती भुवई
एकाही आरशात हलत नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं,
रादिम शाळेतून किती वाजता येतो?
नातवाचं नाव चुकलं असेल, असं मी धरून चालले.
"साडेतीनला," म्हटलं,
आणि बटाटे सोलत राहिले.

व्हीटेक परत गेला, त्यांचं बोट धरलं.
"त्यांची वाट वेगळी आहे, आजोबा. आपली ही."
सासऱ्यांनी वळून एकदा
त्या गृहस्थांचा रीतसर निरोप घेतला.

पुढच्या दालनात वाकडे आरसे.
माझी मान जिराफाची, रादिम पिंपाएवढा,
आनेश्काला पायच नाहीत, नुसते बूट.
तिथे मात्र ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले
आणि एकेकाकडे बोट दाखवून
सगळ्यांची नावं बरोबर सांगितली.

उतरताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.
रादिम बाहेर बघत होता,
बाहेर तर काही दिसत नव्हतं.
मग सासरे म्हणाले,
"तो माणूस निघाला का रे बाहेर?"
मी व्हीटेकच्या बुटाची नाडी बांधायला वाकले.
ती सुटलेली नव्हती.
व्हीटेक तोंडात वेफर कोंबून म्हणाला,
"निघाला की. आपल्या मागूनच.
घरचे होते त्याच्याबरोबर."
"किती जण?"
"आपल्याएवढेच."

सासऱ्यांनी मान डोलावली.
"सभ्य होता बिचारा," म्हणाले,
आणि टोपी मांडीवर उलटी ठेवून
तिच्या आत बघत बसले.

खाली थांब्यावर बाविसावी ट्राम भरून आली.
मी सगळ्यांना आत ढकललं,
मोजलं.
मग काचेत काही हललं म्हणून
पुन्हा मोजलं.