पस्तीसची

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
हसबनिसांनी दोन लेन्स काचेवर ठेवल्या.
"स्पितीला जाताय? मग झूम न्या.
डोंगर आपण होऊन जवळ येतो."

खिडकीतून लावून बघितली.
खालचा किल्ल्या करणारा थेट डोळ्यात आला:
कानशीचा भुगा, फुटलेलं नख,
ओठांत विझलेली बिडी.
त्याला पत्ताच नाही.
मीच दचकून मागे सरले.

मग पस्तीसची. तिच्यात तो मुंगीएवढा.
"खाली जाऊन बघते," म्हटलं.
हसबनिसांनी आधार कार्ड ठेवून घेतलं.

जिना, स्कूटरी, वायरींची भेंडोळी.
चार हातांवर जाऊन उभी राहिले
तेव्हा कुठे तो चौकटभर झाला
आणि मान वर करून म्हणाला,
"कुलूप आणलंय का?"

नाही, म्हटलं.
फोटो हलला.

हीच द्या.