नऊचा सहा

दारव्हा रोडच्या पाण्याच्या टाकीवर
गेंदालाल पेंटरनं आमचं नाव लिहिलं
पिवळ्या अक्षरांत, लाल किनार :
जयप्रभात ब्रास बॅन्ड, बोरी. प्रोप्रा. देवमन खंडारे.
'प्रोप्रायटर' पूर्ण मावत नव्हतं.
खाली फोन नंबर.
मजुरी सहाशे, वरून त्याच्या पोराच्या बारशाला फुकट वाजवायचं.

तुळशीचं लग्न लागलं.
देवमननं ट्रम्पेटच्या कळांना खोबरेल दिलं,
वर्दीची बटणं चिंचेनं घासली
आणि फोन उशाशी ठेवून झोपला.

फोन वाजला नाही.

मंडपवाल्याला विचारलं, तो म्हणाला दहा टक्के.
आचाऱ्याला विचारलं, तो म्हणाला डीजेवाला पंधरा देतो.
मंगळवारच्या बाजारात उभं राहून दोन गाणी वाजवली,
कांदेवाली म्हणाली,
'बावा, थोडं तिकडं वाजवा,
गिऱ्हाइकाले भाव ऐकू नाही येत.'
भाच्यानं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला :
चौदा जणांनी पाहिला.
त्यातले अकरा आम्हीच.

गल्लीतून डीजेची ट्रॉली गेली की
घरातल्या फळीवरची भांडी नाचायची.
माझा ढोल खुंटीवर
आपोआप घुमायचा, कोणी न मारता.
मला त्याचा राग यायचा.

पौषात एक बाई एसटीतून उतरली.
भुवयांवर पीठ.
'बोरीचे बॅन्डवाले तुमीच काय?
दीड महिना झाला, माह्या जिवाले घोर.
इकडं गिरणीत दळण, तिकडं कमरेले फोन थरथरते.
आधी सांगत होती, राँग नंबर हाय बापा.
मंग एक पोरीचा बाप रडकुंडीलेच आला.
म्हटलं, या लिहून.'

नेरजवळच्या गिरणीची कौतिकाबाई.
नऊचं तोंड फिरलं, सहा झाला,
आणि आमचा हंगाम तिच्या घरी जाऊन बसला.

तिनं पिशवीतून वही काढली. दळणाचीच.
ज्वारी सात पायल्या, ठाकरे.
फागुन वद्य पंचमी, वरात, मांगलादेवी.
गहू दहा किलो, बाकी.
हळद, अकरा तारीख, सोबत घोडा पाहिजे म्हणतात.
नऊ कामं.
'भाव म्या माह्या मनानं सांगतला. आठ हजार.
कमी झाला का?'

आम्ही पाचात वाजवायचो.
देवमननं खाली पाहिलं
आणि माझ्या पायावर पाय दिला.

कमिशन विचारलं तर हसली.
'एक वाजवून दाखवा.
ज्याचा बयाना घेतला, ते आयकाव तरी.
पण जोरानं.
चक्कीपायी कान गेले माहे,
फोनसुदा दाबून धरा लागते.'

ओसरीतच उभे राहिलो, बिनवर्दीचे,
क्लॅरिओनेटवाला तर अर्ध्या दाढीवर.
दुसऱ्या कडव्याला ती उठली
आणि ढोलाच्या चामड्यावर तळहात टेकवला,
दळण गरम आहे का पाहतात तसा.
मी थांबलो नाही. हात चुकवून मारत राहिलो.

गेंदालाल शिडी घेऊन आला होता, चुकी सुधारतो म्हणून.
देवमन त्याला म्हणाला,
नंबर राहू दे.
खाली जागा असेल तर लिही :
दळण दळून मिळेल.