गाठोडीचं माप

पहिली होती ती बाहेर जायची.
तिला नाव नव्हतं, नुसतं मांजर,
कारण ती अख्ख्या आळीची होती.
बोरकुट्यांच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांमागे
उंदरांसाठी गोळ्या टाकल्या होत्या.
उंदरानं गोळी खाल्ली, मांजरानं उंदीर.
सकाळी न्हाणीच्या दगडाजवळ सापडली,
तोंड उघडं, काही सांगायचं राहिल्यासारखं.
नवऱ्यानं तिला चिंचेखाली पुरलं
अन् दिवसभर माझ्याशी बोलला नाही,
जशा काही गोळ्या मीच टाकल्या.

म्हणून ही दुसरी घरात.
कापडाच्या गाठोड्यांवर झोपते, म्हणून गाठोडी.
अस्तराचे तुकडे, कोणाचा परकर, कोणाच्या लग्नातला ब्लाऊज,
सगळ्यांवर तिचे केस.
"वच्छलाबाई, तुमची शिलाई चावते वो,"
बाया म्हणतात, अन् पुन्हा इथंच शिवायला टाकतात.

पहिले आठ दिवस नाड्यानं
मशीनच्या पायाला बांधून पाहिली.
तिनं नाडा चावला नाही, ओढला नाही.
तहसीलची खिडकी बंद झाल्यावर
बाई जशी बसून राहते, तशी बसली
माझ्याकडे बघत.
मीच सोडली.

मग खिडकीला जाळी मारली.
जाळीतून ती बघते
निंबावरच्या साळुंक्या, दुर्पताच्या कोंबड्या,
आर्वीच्या एसटीमागची धूळ.
आणि दात वाजवते, कट कट कट,
माझ्या कात्रीसारखे.

दुर्पता म्हणते, "मांजर हाये का पोपट?
कोंडून ठेवलं तं उंदीर कोन मारीन, तू?"
नागपूरहून भाची येते.
तिच्याकडे पाचव्या मजल्यावर मांजर आहे,
बाळंतिणीसारखं जपलेलं.
"आत्या, घरातलं पंधरा वर्षं जगतं, बाहेरचं चार."
मी विचारलं, त्या चार वर्षांत
कुंपणं किती असतात गं?
ती बराच वेळ फोनमध्ये शोधत होती.

अन् मडावी सर.
शाळा सुटली की वहीत पाखरं मांडतात.
त्यांच्या मेंदीच्या कुंपणातलं बुलबुलाचं घरटं
एका सकाळी रिकामं झालं.
पिसं माझ्या उंबऱ्यावर होती,
पहिलीनं आणून ठेवलेली, मोठ्या कौतुकानं.
मी झाडून टाकली
आणि सरांना म्हटलं, मुंगूस असेल.
हे मी चिंचेखाली पुरतानाही
कोणाला सांगितलं नाही.

मला ठरवता येत नाही.
मी ब्लाऊज शिवते तेव्हा आत दीड इंच कापड सोडते,
बाई अंगानं भरली तर उसवता यावं.
मांजराला किती सोडायचं
हे शिवणक्लासात नव्हतं.

आता दिवेलागणीला दार किलकिलं ठेवते,
विटेचा तुकडा लावून, टेपनं मोजून.
साडेतीन इंचांत ती मिशा घालून बघते
अन् मागे सरकते.
तिची टेप तिच्या तोंडालाच.
चारमध्ये डोकं जातं,
आणि डोकं गेलं की मांजर जातं.
बोरकुट्यांचं शटर वाजलं तर मी तीन करते.
कुंपणात पिल्लं चिवचिवत असली तरी तीन.
नवरा झोपल्यावर कधी कधी,
का कोण जाणे, पाच.

काल रात्री चार होतं.
ती उंबऱ्यावर बसली, तोंड अंधाराकडे.
पऱ्हाटीत काहीतरी खुसफुसत होतं.
जाईना, येईना.
लाईन गेलेली, मशीन बंद,
हातात टेप होती म्हणून मी खाली बसून
घरात उरलेली शेपटी मोजली.
साडेदहा इंच.
बाकीचं मांजर बाहेर होतं.