मीठदाणीशेजारी

बाबांचा डावा कान गेलाय,
म्हणून हेडफोन मी लावते.
ते फावडं घेऊन मागून येतात
आणि माझा चेहरा वाचतात.

मॅकेरोच्या रानात सातूची कापणी झालेली,
खुंटं बुटांखाली कुरकुरत होती,
गॅलोवेचा वारा समुद्राचं मीठ आणि गोठ्यांचं शेण
एकाच फुंकरीत घेऊन येत होता.
सकाळभर काय, तर बिअरच्या डब्यांची कानं,
ट्रॅक्टरचा एक नट,
आणि बाबांनी ठामपणे ‘रोमन’ ठरवलेलं
कुणाच्या तरी विजारीचं बटण.

मग गडग्याच्या कडेला,
टिटवी ओरडून गेली तिथे,
एक आवाज आला.
चांदीसारखा किणकिणता नव्हे,
जाड, खालच्या पट्टीतला,
भरल्या तोंडाने कुणी ‘हो’ म्हणावं तसा.
मी थांबले. बाबा आधीच गुडघ्यांवर.

चौकोनी. कोपरे छाटलेले.
अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं
आणि दिसतं त्याहून जड.
घरी कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने
माती सोडवली: के. बी.
खाली १७७१.
मागची बाजू कोरी,
फक्त एका कोपऱ्यात दाताची खूण.

बाबा म्हणाले, कोळ्याच्या जाळ्याचं वजन.
आत्या म्हणाली, गुत्त्याचा बिल्ला, एक पेला उधार.
ड्यूगल्डला विचारावं, त्याच्याकडे पुस्तकं आहेत,
असं मी म्हणाले, आणि टेबलावर शांतता पसरली.
आठवडाभर ते मीठदाणीशेजारी बसून होतं
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं,
ज्याला ऊठ म्हणायचं धाडस कुणालाच नाही.

शेवटी युफेमिया हॅडो.
वय एक्याण्णव. चर्चची किल्ली अजून तिच्याच खुंटीला,
चर्च मात्र विकलं गेलं, तिथे आता होड्या भाड्याने मिळतात.
तिने चष्मासुद्धा लावला नाही.
तळहातावर दोनदा उडवून वजन घेतलं,
म्हणाली, ‘पावाचं तिकीट आहे हे.
कर्कब्रेननचं. आमचंच.’

मग सांगत बसली, चहा निवेपर्यंत.
प्रभुभोजनाच्या आधी वडीलधारे घरोघर यायचे,
टोपी मांडीवर ठेवून विचारायचे:
आज्ञा पाठ आहेत का,
लग्नानंतर कितव्या महिन्यात झालं पोर,
शेजाऱ्याशी वाकडं असेल तर ते सरळ केलं का.
उत्तरं पटली तर हातावर शिसं.
रविवारी ते परत द्यायचं
तेव्हा पाव, तेव्हा द्राक्षरस.
शिसं नाही, तर बसा मागच्या बाकावर,
अख्ख्या गावाच्या नजरा मानेवर घेऊन.

‘म्हणजे हे परत गेलंच नाही,’ बाबा म्हणाले.

हे तिला सांगता आलं नाही.
कुणाला सांगता येणार?
मॅकेरोचं रान चर्चच्या वाटेवर नाही,
उलट्या दिशेला आहे, दीड मैल.
खिशाला भोक असेल. असेलही.
पण दाताची खूण?
मी रात्री ते ओठांपर्यंत नेलं,
शिसं विषारी, म्हणून तिथेच थांबले.
एवढंच कळलं की खूण बारीक जबड्याची,
आणि चावणारं माणूस शांत नव्हतं.
पास झालं होतं ते. सगळी उत्तरं दिली होती.
आणि मग, पाव समोर मांडलेला असताना,
गडग्यापाशी येऊन उभं राहिलं.

नियमाप्रमाणे आम्ही ते एडिंबराला पाठवलं.
चार महिन्यांनी परत आलं, पत्रासकट:
आमच्याकडे अशी पुष्कळ आहेत. तुम्हीच ठेवा.
कुणी काही विचारलं नाही.
आज्ञा नाहीत, महिने नाहीत,
पाकीट फाडलं आणि शिसं हातावर.

बाबा ते बराच वेळ धरून बसले.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
‘ड्यूगल्डची शिडी. कधीची आहे आपल्याकडे?’
‘गेल्याच्या गेल्या मार्चपासून,’ मी म्हणाले,
चुकून डाव्या कानाशी.
पण ते उठले होते.
खिडकीतून दिसलं, धुक्यात
आधी शिडीचं टोक गेलं,
मग खूप उशिराने
बाबा.