जैसे थे

आधी भिंतीवर लाल रंगात एक आकडा आला.
साडेचार मीटर.
रंग ओला होता, बोटाला लागला,
आणि कुणाच्या तरी नागलीच्या पिठात जरासा उतरला.
मी ते पीठ तसंच दिलं. तेवढं कबूल करते.

मालेगाव स्टँडवरून घाटाकडे उतरताना
उजव्या हाताला आमची गिरणी.
दोनदा सांधलेला पट्टा,
दाराशी डबे, डब्यांवर खिळ्याने कोरलेली नावं:
गायधनी, मोगल, खोली नंबर तीन.

पर्वणीला रस्ता रुंद हवा, म्हणाले.
असू दे. मी काय गंगेच्या आड येणार आहे?
पण नोटिशीवर तारीख गुरुवारची,
हातात पडली शनिवारी दिवेलागणीला,
चोवीस तासांची मुदत
वाटेतच संपवून आलेली.

पिंगळे वकील म्हणाले, काकू, कायदा आहे ना.
म्हटलं, असेल. पण रविवारी तो कुठे असतो?

सोमवारी मेहेर सिग्नलपाशी, कोर्टाच्या भिंतीला टेकून
बोरस्ते टायपिस्टाने माझी एकतीस वर्षं
अडीच पानांत बसवली.
सदर मिळकत. सदर वहिवाट. सदर अर्जदार.
मी वाचत गेले आणि सदर होत गेले.

आमचा नंबर बेचाळिसावा.
फोन बंद ठेवा, असं दारावर लिहिलेलं.
ठेवला.
न्यायाधीशबाई माझ्या धाकटीच्या वयाच्या,
आवाज मऊ, खोकला झालेला.
पावणेचारला त्या म्हणाल्या,
पुढील आदेशापर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.
मी हात जोडले. मनापासून जोडले.

बाहेर येऊन फोन लावला तर
भाच्याचे, केदूचे, चौदा मिस्ड कॉल.
जेसीबी अकरा दहालाच आला होता.

आणि साहेब आदेश पाळणारा निघाला.
चष्मा लावून त्याने दोनदा वाचला,
म्हणाला, बाई, आता इथली वीटही हलणार नाही,
कोर्टाचं आहे.
मोटर पत्र्याखाली. जात्याचे दगड मोटरीखाली.
काढू देईनात.
माझ्या ढिगाऱ्याला संरक्षण मिळालं,
एक हवालदार, एक खुर्ची.
कबुतरांना तेवढा आदेश पोचला नव्हता,
ती गहू टिपत होती.

एका सहीने पडतं.
दुसऱ्या सहीने पडलेलं तसंच राहतं.
दोन्ही सह्या गिचमिड,
नाव कुणाचंच लागत नाही.

कोर्टाबद्दल बोलू नये म्हणतात.
बोलत नाही. विचारते फक्त.
माझ्या काट्याला सालोसाल
वजनमापेवाला येऊन शिक्का मारून जायचा.
पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झालं तर दंड,
एकदा भरलाय, पावती आहे.
पालिकेच्या टेपला कोण शिक्का मारतं?
आणि त्या वरच्या काट्याला,
जो साऱ्यांचं तोलतो,
त्याच्याकडे कोण येतं, कुठल्या महिन्यात?
पिंगळे म्हणाले, त्याच्या वर आणखी एक काटा आहे.
त्याच्या वर आणखी.
फी वेगळी.

काल रात्री हवालदार चहाला गेला
तेव्हा केदूला टेपचं एक टोक धरायला लावलं,
दुसरं मी धरलं.
मोजण्याने वीट हलत नाही.
गटारीपासून मोडलेल्या उंबऱ्यापर्यंत
सात मीटर, वर चार बोटं.
पुन्हा मोजलं. सात मीटर, चार बोटं.

सकाळी गायधनी डबा घेऊन आले, सवयीने.
ढिगाऱ्याकडे बघत उभे राहिले,
मग डबा तिथेच ठेवून गेले.
मी त्याला हात लावलेला नाही.

पुढची तारीख एकोणीस.
बोरस्ते, कागद चढव मशीनवर.
लिही, सात मीटर चार बोटं.
बोटं चालत नाहीत, म्हणतोस?
लिही तरी. माझी आहेत.
आणि त्यांच्यामागे सदर लावू नकोस.