नळाखाली उपडं ताट

पहिल्या तासाला दहिफळे सरांनी खोली अंधारी केली
आणि स्पीकरवर लावला
कुठल्याशा लांबच्या बर्फाचा तडकण्याचा आवाज,
वीस मिनिटं.
म्हणाले, ही ध्वनिकला.
मागच्या बाकावर कुणीतरी घोरायचं नाटक केलं.
मी वहीत लिहिलं: बर्फ. वीस मिनिटं. का?
आणि खाली, परतीच्या जालना बसची वेळ.

मी चित्रं काढायला आले होते इथं.
पोरीचा हात चांगला आहे, असं सगळे म्हणायचे.
कानाबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं.

आठ दिवस काही काढायचं नाही, सर म्हणाले, ऐकायचं.
मी आणलं: मोतीबागेतले बगळे, देवळातली घंटा,
इडलीवाल्याचा भोंगा.
सरांनी हेडफोन काढून ठेवला.
"ही पोस्टकार्डं झाली. तू कुठं आहेस यात?"
बदनापूर येईपर्यंत मी नुसती रागात.
बदनापूरनंतर खिडकीची काच खडखडायला लागली,
किंवा आधीपासूनच खडखडत होती.

आमच्याकडं पाणी नवव्या दिवशी येतं,
कधी अकराव्या. वेळेचं काही खरं नाही.
म्हणून आई नळ उघडा टाकून झोपते
आणि नळाखाली स्टीलचं ताट, उपडं.
जन्मापासून पाहते हे मी.
पाहतेच.

त्या रात्री पावणेतीनला
नळानं आधी श्वास घेतला.
खोकला.
लांब कुठंतरी पाइपात गाळ सरकला.
मग दोन थेंब, ताटाच्या मधोमध नाही, कडेला,
आणि वाजलं
"कै. भुजंगराव यांच्या स्मरणार्थ"
नेमकं 'कै'वर.

आई उठून बसली. डोळे मिटलेलेच.
"हवा हाय अजून. पाच मिनिटं लागतेत."
पाच मिनिटं लागली.
गल्लीत एकेक मोटार जागी झाली.
"ती घरघरायलीय ना, ती बाबू मिस्त्रीची.
बेरिंग गेलंय तिचं, सांगायला पाहिजे त्याला."
हंड्यातलं पाणी वर चढतं तसा त्याचा आवाजही चढतो,
आधी जाड, मग बारीक,
गळ्याशी आलं की शीळ.
आईची पाठ नळाकडं, हात कळशी घासण्यात.
शीळ व्हायच्या एक क्षण आधी
तिनं हात मागं नेला, हंडा ओढला.
फरशी कोरडी.

मी मोबाइल धरून उभी.
"काय करायलीस गं? धर की बादली!"
हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे.
त्यापुढं सगळी मीच:
चप्पल, बादलीची कडी, एक जांभई.

सरांनी दोनदा ऐकलं. बोलले काहीच नाहीत.
चहा मागवला, दोन.

वर्षाखेरच्या प्रदर्शनात मी अकरा ताटं मांडली,
गल्लीतून मागून आणलेली, दहा जणांची नावं कोरलेली,
अकरावं आमचं.
वर ठिबकच्या नळ्या. प्रत्येकीचा थेंब
आपल्या मर्जीनं पडणारा.
लोक आले, भिंतींकडं बघत राहिले,
चित्र कुठंय, विचारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल गप्प.
शिपाई नईमभाई म्हणाले,
"बेटा, रातभर टपकत होतं. बंद केलं मी. पानी हाय ते."
झोपतात ते जिन्याखाली.
मध्ये दोन दारं, दोन्ही लावलेली.

कला होती ती, असं सांगायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

अभिप्रायाच्या वहीत सत्तावीस सह्या आहेत.
छान. उत्तम. वेगळा प्रयत्न.
नईमभाईंची सही नाही.
कुणीतरी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय,
आवाज थोडा कमी ठेवावा.

ताटं आवरत होते तेव्हा आईचा फोन आला.
कार्यक्रम कसा झाला, ते नंतर विचारलं.
आधी म्हणाली,
"ते आपलं ताट तेवढं घेऊन ये आज.
परात ठेवून बघितली.
परात उशिरा सांगती."